गुप्तलेखनाचे गणित आणि भाषेचा स्वभाव

गुप्तलेखन हा शब्द उच्चारताच हेर, राजदूत, युद्धे आणि कारस्थाने यांचे चित्र वाचकाच्या मनासमोर उभे राहते. या विषयावरील लोकप्रिय पुस्तकेही बहुधा अशाच हकीकतींनी भरलेली असतात. त्या वाचून करमणूक होते. परंतु गूढ मजकूर उलगडतो तो नेमका कशामुळे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. उलगडणाऱ्याची कुशाग्र बुद्धी एवढेच उत्तर पुढे केले जाते, आणि ते उत्तर म्हणजे उत्तराचा अभावच होय. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर ज्यांस हवे असेल त्यांस गणिताच्या पाठ्यपुस्तकाकडे वळावे लागते. आणि तेथे गेल्यावर असे आढळते की, त्या उत्तराचा निम्मा भाग गणिताचा असून उरलेला निम्मा भाषाशास्त्राचा आहे.

अशा पाठ्यपुस्तकांत अब्राहम सिंकोव्ह यांचे ‘एलिमेंटरी क्रिप्टॲनालिसिस : अ मॅथमॅटिकल ॲप्रोच’ हे छोटेखानी पुस्तक विशेष उल्लेखनीय आहे. १९६० नंतरच्या दशकात ते अमेरिकेतील शालेय विद्यार्थी व सामान्य जिज्ञासू यांच्यासाठी काढलेल्या एका गणितमालेत प्रसिद्ध झाले. सिंकोव्ह (१९०७–१९९८) हे मूळचे गणिताचे शिक्षक. १९३० मध्ये विल्यम फ्रीडमन यांनी अमेरिकन सैन्याच्या संकेतविभागासाठी जे तरुण गणितज्ञ निवडले त्यांत त्यांचा समावेश होता. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातून जपानी संदेशांची उकल करणाऱ्या सेंट्रल ब्यूरो या संस्थेत त्यांनी प्रमुख जबाबदारी सांभाळली आणि शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर ते ॲरिझोनात गणिताचे प्राध्यापक झाले. असा अधिकारी पुरुष विद्यार्थ्यांसाठी लिहावयास बसतो तेव्हा तो युद्धकथा सांगत नाही. अक्षरांना अंक देऊन बेरीज कशी करावी, येथून तो आरंभ करतो. त्या पुस्तकातील विचारांची मांडणी पुढे देवनागरी वर्णमालेच्या आधाराने केली आहे.

१. अक्षरांची बेरीज

प्रथम परिभाषा. जो लपवावयाचा तो मूळ मजकूर; लपविल्यावर जो दिसतो तो गूढ मजकूर; आणि ज्या गुप्त माहितीच्या साहाय्याने एकाचे दुसऱ्यात रूपांतर होते ती किल्ली. किल्ली हाती असता मजकूर वाचणे हे वाचन होय. ती हाती नसता मजकूर वाचणे हे गूढभेदन होय. प्रस्तुत शास्त्र दुसऱ्या क्रियेचे आहे.

देवनागरीतील क पासून ळ पर्यंतची ३४ व्यंजने क्रमाने मांडून त्यांस ० ते ३३ हे अंक द्यावे. म्हणजे क = ०, ख = १, ग = २ असे करीत न = १९, म = २४, र = २६, स = ३१ व ळ = ३३ असे होईल. आता प्रत्येक अंकात ५ मिळवावे. ‘नगर’ या शब्दाचे अंक १९, २, २६, ५ मिळविल्यावर २४, ७, ३१, म्हणजेच ‘मजस’. बेरीज ३३ च्या पुढे गेल्यास तीतून ३४ वजा करावे. ‘सरळ’ या शब्दातील स ३१ चा ३६ होतो, ३४ वजा जाता २ उरतात, म्हणून त्याचा ग होतो. त्याच रीतीने र चा स व ळ चा ङ होऊन ‘गसङ’ हे रूप मिळते. घड्याळात अकरानंतर तीन तासांनी चौदा न वाजता दोन वाजतात, तसाच हा प्रकार आहे. गणितज्ञ त्यास शेषगणित म्हणतात.

या पद्धतीच्या किल्ल्या अवघ्या ३३. सर्व किल्ल्या एकामागून एक लावून पाहणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. तेव्हा किल्ल्यांची संख्या वाढविण्यासाठी बेरजेऐवजी गुणाकार योजावा असे सुचते; आणि येथेच गणिताचा पहिला धडा मिळतो. प्रत्येक अंकास २ ने गुणल्यास त चे १५ होतात ३०, आणि ह चे ३२ होतात ६४, म्हणजे ३४ वजा जाता पुन्हा ३०. त आणि ह या दोन्ही वर्णांच्या जागी ष येतो व मजकूर परत मिळविणे अशक्य होते. ३ ने गुणल्यास मात्र असा घोटाळा होत नाही. न चे १९ होतात ५७, म्हणजे २३, अर्थात भ. उलट प्रवास करताना भागाकार करावा लागत नाही, २३ ने गुणले की पुरे; कारण ३ × २३ = ६९, आणि ६९ ला ३४ ने भागता बाकी १ उरते. म्हणून २३ हा ३ चा प्रतिलोम होय. ज्या गुणकाचा ३४ शी १ खेरीज सामाईक विभाजक नाही त्यासच प्रतिलोम असतो. ३४ = २ × १७ असल्यामुळे असे गुणक १६ निघतात, आणि गुणाकार व बेरीज मिळून किल्ल्या होतात १६ × ३४ = ५४४. रोमन लिपीच्या २६ अक्षरांसाठी हीच संख्या १२ × २६ = ३१२ येते. वर्णमालेत किती वर्ण मानावे हा वैयाकरणांचा वाद येथे अनपेक्षितपणे अंकगणिताचा विषय होतो.

२. संख्येचे भय आणि भाषेची साक्ष

नियमाचे बंधन टाकून कोणत्याही वर्णाच्या जागी कोणताही वर्ण घेतला, मात्र दोहोंस एकच वर्ण दिला नाही, तर किल्ल्यांची संख्या एकदम ३९ अंकी होते. इतक्या किल्ल्या एकेक लावून पाहणे मनुष्यास तर नाहीच, यंत्रासही शक्य नाही. असे असूनही ही पद्धत दुर्बळांतील दुर्बळ समजली जाते. कुलपाला किल्ल्या किती संभवतात यावरून कुलपाची मजबुती ठरत नाही, हा पाठ्यपुस्तकाचा दुसरा व अधिक महत्त्वाचा धडा होय.

याचे कारण भाषेत आहे. कोणत्याही भाषेतील वर्ण सारख्या प्रमाणात येत नाहीत. वर्णाचा वेष बदलला तरी त्याची ये-जा तेवढीच राहते. नवव्या शतकातील अरब पंडित अल्-किंदी याने हे ओळखून, त्याच भाषेतील दुसरा मजकूर घेऊन अक्षरे मोजावी आणि ती मोजणी गूढ मजकुराच्या मोजणीशी ताडून पाहावी, अशी रीत लिहून ठेविली.

फ्रीडमन यांनी या विचारास १९२० च्या सुमारास जे संख्यारूप दिले त्यास योगायोगांक म्हणता येईल. मजकुरातून कोणतीही दोन अक्षरे उचलली असता ती एकच असण्याची संभाव्यता म्हणजे योगायोगांक. ‘काकाने काकूला कागद दिला’ या वाक्यात व्यंजने ११ आहेत : क ५ वेळा, ल व द प्रत्येकी २ वेळा, न व ग प्रत्येकी १ वेळा. अकरांतून दोन निवडण्याचे प्रकार ५५; त्यांपैकी समान वर्णांच्या जोड्या १० + १ + १ = १२; म्हणून योगायोगांक १२ ÷ ५५, म्हणजे सुमारे ०.२२. हे वाक्य मुद्दाम रचलेले असल्यामुळे हा आकडा अवास्तव मोठा आहे. नेहमीच्या इंग्रजी मजकुरात तो सुमारे ०.०६६ येतो, २६ अक्षरे निव्वळ यदृच्छेने पसरली असती तर तो सुमारे ०.०३८ आला असता. या अंकाचे मर्म असे की, वरील वाक्यातील प्रत्येक व्यंजन ठरावीक दुसऱ्या व्यंजनाने बदलले तरी तो तसूभरही बदलत नाही. अर्थ लपतो, उच्चार लपतो. पण भाषेचा हा ठसा लपत नाही.

हा ठसा पुसण्यासाठी युरोपात बहुमाला पद्धत रूढ झाली. तीत पहिल्या अक्षरास एक किल्ली, दुसऱ्यास दुसरी, असे करीत काही अक्षरांनंतर पुन्हा पहिली किल्ली येते. त्यामुळे एकाच वर्णाची निरनिराळी रूपे होतात आणि योगायोगांक खाली उतरतो. ही पद्धत दीर्घकाळ अभेद्य मानली गेली. १८६३ मध्ये कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्याने तिचे वर्म दाखवून दिले : मूळ मजकुरातील एखादा शब्द पुन्हा येतो आणि योगाने त्यावर किल्लीचा तोच भाग पडतो, तेव्हा गूढ मजकुरातही तीच अक्षरे पुन्हा उमटतात. अशा पुनरावृत्तींमधील अंतरे १८, ३० व ४२ आढळली तर त्यांचा महत्तम सामाईक विभाजक ६. म्हणून किल्ली ६ अक्षरांची, किंवा ६ च्या एखाद्या विभाजकाएवढ्या लांबीची असावी. लांबी कळली की दर सहावे अक्षर वेगळे काढावे. त्या प्रत्येक गटात एकच किल्ली असते आणि बहुमालेचा प्रश्न सहा साध्या प्रश्नांत विभागला जातो. गट बरोबर पडले किंवा नाही याची परीक्षा योगायोगांक करतो. कारण गट बरोबर असल्यास तो पुन्हा भाषेच्या मूळ पातळीवर चढतो.

३. जोड्या आणि स्थानांतर

१९२९ मध्ये लेस्टर हिल यांनी एकेक अक्षर न घेता अक्षरांचे गट घेऊन त्यांवर सारणीगणित लावण्याची पद्धत मांडली. उदाहरणार्थ, दोन अक्षरांची जोडी घ्यावी. पहिल्या अंकात दुसऱ्याची दुप्पट मिळवून पहिले गूढाक्षर आणि तिप्पट मिळवून दुसरे गूढाक्षर काढावे. ‘नग’ म्हणजे १९ व २. दुप्पट मिळविता २३, तिप्पट मिळविता २५; म्हणजे ‘भय’. परंतु ‘नर’ या जोडीवर तीच क्रिया केल्यास ‘घश’ असे रूप येते. प्रारंभीचा न दोन्हीकडे एकच असता त्याचे एकदा भ व एकदा घ झाले. येथे एकेका वर्णाची मोजणी निरुपयोगी ठरते. जोड्यांची मोजणी करावी लागते आणि त्यासाठी पुष्कळ अधिक मजकूर लागतो. तथापि मूळ मजकुराचे काही शब्द अंदाजाने ओळखता आले तर साध्या समीकरणांनी किल्ली हाती येते. बीजगणिताने जे बांधले ते बीजगणितानेच सुटते.

स्थानांतर पद्धतीत अक्षरे बदलत नाहीत, त्यांच्या जागा बदलतात. ती ओळखण्याची खूण सोपी आहे : प्रत्येक वर्णाची वारंवारता त्या भाषेत अपेक्षित असते तेवढीच असून शब्द मात्र लागत नाहीत. अशा वेळी भाषेतील सान्निध्याचे नियम, म्हणजे कोणत्या वर्णामागून कोणता वर्ण येऊ शकतो याचे ज्ञान, मदतीस येते.

४. मराठी मजकुराचे वेगळेपण

आतापर्यंतच्या उदाहरणांत व्यंजने बदलली आणि स्वरचिन्हे जागच्या जागी राहिली. इंग्रजी पाठ्यपुस्तकात हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तेथे स्वर व व्यंजन एकाच पंक्तीत बसतात. देवनागरीत मोजावयाचे काय, वर्ण, अक्षर की चिन्ह, हे आधी ठरवावे लागते. लिखित ‘घर’ यात दोन चिन्हे आहेत. उच्चारात तीन वर्ण आहेत. संस्कृत व्याकरणाप्रमाणे विचार केल्यास चार. मोजणीचे एकक बदलले की वारंवारतेचे कोष्टकही बदलते. म्हणून इंग्रजीसाठी केलेली कोष्टके मराठीस लावता येत नाहीत एवढेच नव्हे, तर ती करण्याची रीतही जशीच्या तशी उचलता येत नाही.

मात्रा उघड्या ठेवण्याचा परिणाम काय होतो ते पाहण्यासारखे आहे. पाचाच्या किल्लीने ‘नगराला’, ‘घराला’ व ‘देशाला’ यांची अनुक्रमे ‘मजसाहा’, ‘झसाहा’ व ‘बेकाहा’ अशी रूपे होतात. किल्ली ठाऊक नसलेल्या वाचकासही तिन्ही शब्दांच्या अंती तेच ‘हा’ आणि त्यापूर्वी दीर्घ आकार दिसतो. मराठीत प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते हे ज्याला माहीत आहे त्याला येथे विभक्तिप्रत्ययाचा वास आल्यावाचून राहत नाही. पुढे ‘झसाटा’, ‘झसाटी’, ‘झसाटे’ अशी रूपे भेटली की ट हे व्यंजन मुळात च असावे हे जवळजवळ निश्चित होते. लिंगवचनाप्रमाणे असा बदलणारा शब्दान्त षष्ठीचाच. याखेरीज ण व ळ हे वर्ण मराठी शब्दाच्या प्रारंभी सहसा येत नाहीत. ङ व ञ हे स्वतंत्रपणे क्वचितच दिसतात. ‘आहे’, ‘आणि’ यांसारखे शब्द पावलोपावली येतात. व्याकरणाचा प्रत्येक नियम हा गूढभेदकाच्या हातातील एकेक हत्यार आहे.

शब्दान्तांच्या अशा तुलनेचे महत्त्व गुप्तलेखनापुरतेच मर्यादित नाही. क्रीट बेटावर व ग्रीसमध्ये सापडलेल्या ‘लिनियर बी’ लिपीच्या अभ्यासात ॲलिस कोबर यांनी, आद्यांश तोच राहून शब्दान्त बदलणारे चिन्हसमूह वेगळे काढले आणि त्या भाषेत विभक्तिविकार असावेत असे दाखविले. याच मार्गाने पुढे जाऊन मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये ती लिपी वाचली व तिची भाषा प्राचीन ग्रीक ठरली. तेथे लपविण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. काळानेच किल्ली हरविली होती.

मात्र या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेविली पाहिजे. ‘मजस’ एवढाच मजकूर हाती असेल आणि कोणत्याही वर्णासाठी कोणताही वर्ण घेतलेला असेल, तर तो ‘नगर’ आहे, ‘कमळ’ आहे, ‘सरळ’ आहे की ‘पवन’ आहे, हे कोणासही सांगता येणार नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात या अनिश्चिततेचे माप दिले. इंग्रजीतील साध्या प्रतिस्थापनास सुमारे ३० अक्षरे मिळाली की सामान्यतः एकच अर्थपूर्ण उत्तर उरते. त्याहून कमी मजकुरावर उभारलेली कोणतीही ‘उकल’ संशयास्पद समजावी. लघु शिलालेखांच्या वाचनाचे दावे करणाऱ्यांनी हा निकष दृष्टीआड करू नये.

५. महानुभावांच्या लिप्या

भारतीय परंपरेस गुप्तलेखन अपरिचित नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या संज्ञालिपीचा निर्देश आहे आणि वात्स्यायनाने चौसष्ट कलांत म्लेच्छितविकल्पाची गणना केली आहे. परंतु मराठीच्या अभ्यासकास या विषयाशी खरा निकटचा संबंध जाणवतो तो महानुभाव वाङ्मयामुळे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या भोवती निर्माण झालेल्या या पंथाचे ग्रंथ पुढे सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत उतरविले गेले. त्यांत नेहमीच्या अक्षरांच्या जागी ठरावीक दुसरी अक्षरे वा चिन्हे योजिलेली असत. परिणाम असा झाला की, लीळाचरित्रासारखे मराठीतील आद्य गद्य कित्येक शतके पंथाबाहेरील वाचकास पारखे झाले. मराठी गद्याचा इतिहास त्याच्या आरंभाच्या ग्रंथांवाचूनच लिहिण्याची वेळ आली असती. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची फोड अभ्यासकांपुढे मांडली, आणि वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने आदी संशोधकांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय प्रकाशात आले.

आता पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने पाहिले असता सकळ लिपी ही साध्या प्रतिस्थापनाच्याच वर्गात मोडते. ग्रंथ मोठे, भाषा मराठी, प्रत्यय ठाऊक. शॅनन यांच्या मापाने पाहता एक पान हाती असले तरी उकल निश्चित. मग ही लिपी इतकी शतके टिकली कशी? याचे उत्तर गणितात नाही. कुलूप साधेच होते. परंतु पोथ्या पंथीयांच्या ताब्यात असल्यामुळे दारापर्यंत कोणी पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी आत मराठीचे एवढे धन आहे अशी कल्पना नव्हती. गुप्तता लिपीने राखली त्यापेक्षा उदासीनतेने अधिक राखली, असे म्हणणे भाग पडते. यातून संशोधकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. न वाचता येणारी पोथी ही निरर्थक पोथी नव्हे. तिची अक्षरे आधी मोजून पाहावी.

६. समारोप

आज बँका व दूरसंदेश यांच्या रक्षणासाठी ज्या पद्धती वापरल्या जातात त्या वारंवारतेच्या मोजणीने फुटत नाहीत. त्यांच्या रचनेत भाषेचा ठसा पूर्णपणे विस्कटून टाकलेला असतो. १९७७ मध्ये पुढे आलेली व तिच्या तीन निर्मात्यांच्या आद्याक्षरांनी आर.एस.ए. म्हणून ओळखली जाणारी पद्धत तर किल्लीचा अर्धा भाग जाहीर करूनही सुरक्षित राहते. प्रचंड संख्येचे मूळ अवयव काढणे दुष्कर असते हा तिचा आधार. परंतु तिच्याही मुळाशी शेषगणितातील प्रतिलोमच आहे. ३ ने गुणून २३ ने परत आणणारा विद्यार्थी त्याच वाटेवरील पहिल्या पायरीवर उभा असतो.

म्हणून भाषेच्या विद्यार्थ्याने गणिताच्या या शाखेचा बाऊ करण्याचे कारण नाही आणि गणिताच्या विद्यार्थ्याने व्याकरणास गौण लेखण्याचेही कारण नाही. पहिल्या अभ्यासासाठी साधनेही मोठी लागत नाहीत. मराठी वृत्तपत्राचा एक स्तंभ घ्यावा, त्यातील व्यंजने मोजावी, शब्दारंभीची व शब्दान्तीची वेगळी मांडावी आणि योगायोगांक काढावा. नंतर तोच स्तंभ एखाद्या किल्लीने बदलून सहाध्यायास द्यावा. तो सहाध्यायी जेव्हा ‘हा’ पाहून ‘ला’ ओळखील, तेव्हा आपण मराठी बोलताना नकळत किती नियम पाळतो याची जाणीव त्यास प्रथमच होईल. गुप्त मजकूर फुटतो तो या नियमांमुळे, आणि उघड मजकूर समजतो तोही यांच्याचमुळे.